झाकणाखालचं पांढरं

एलायजा झिराडकरच्या गाडीने दम तोडला तो बेर तुवियाच्या फाट्यापाशी, आणि तोही भरल्या पावांसकट. आधी खालून एक ठोका आला, मग दोन, मग आत कुणीतरी कोंडलेलं असून हातोडा मारत बाहेर येऊ पाहतंय असा आवाज, आणि मग काहीच नाही. उतरून बघतो तर इंजिनाच्या पोटाला मुठीएवढं भोक आणि रस्त्यावर काळं तेल. पाव मात्र अजून गरम. ते त्याने एका ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडून आसपासच्या शेतकरी वसाहतींत पोचवले, म्हणून त्या दिवसापुरती अब्रू राहिली.

एलायजा मुंबईला सोडावॉटरच्या कारखान्याची गाडी चालवायचा. इथे, आम्हा ज्यूंच्या नव्या देशात, किर्यात मलाखीत, आल्या आल्या त्याला सगळ्यांसारखं सरकारी काम मिळालं: माळावर खड्डे खणायचे, रोपं लावायची, महिन्यातले निम्मे दिवस काम आणि निम्मे दिवस कामाची वाट बघणं. आपल्याकडच्या दुष्काळी कामासारखंच, फक्त मुकादम पोलंडचा. त्यातून तो बाहेर पडला तो या गाडीमुळे. इंग्रज जाताना टाकून गेलेली, लष्करी लिलावातून तीन हात फिरून आलेली ती पेटीसारखी गाडी त्याने घेतली, तिला निळा रंग दिला, आणि बेकरीवाल्या एफ्राइमकडून पावाची फेरी मिळवली. रोज पहाटे पाव भरायचे आणि उन्हं वर यायच्या आत वाटून मोकळं व्हायचं. त्या फेरीवर घरात तो, त्याची बायको नाओमी आणि त्याची विधवा आत्या मलका अशी तिघं उभी होती.

एफ्राइम वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या दयेला मुदत असे. गाडी मेली तेव्हा त्याने फेरी तात्पुरती एका खेचरवाल्याला दिली आणि एलायजाला सांगितलं की येत्या रविवारी पहाटे गाडी बेकरीच्या दाराशी असली तर फेरी तुझी, नसली तर खेचराची. खेचराचं इंजिन फुटत नाही, हेही वर ऐकवलं.

मी एलायजाच्या भिंतीला भिंत लागून राहतो. तेव्हा वस्तीतल्या सहकारी दुकानात आलेला माल मोजून घेणं हे माझं काम, आणि मुंबईच्या गोदीतही मी तेच करत होतो. त्यामुळे माणूस समोर आला की त्याची जमेची बाजू कोणती आणि खर्चाची कोणती, हे माझं आपोआप मांडून होतं. एलायजाची जमा म्हणजे कष्ट आणि सचोटी. खर्चाला एकच गोष्ट: जो मोठ्या आवाजात बोलेल त्याचं त्याला खरं वाटायचं.

त्या आठवड्यात त्याच्या अंगणात मोठ्या आवाजाचे दोघे जण आले.

पहिला दोव. हा हैफाचा. इंग्रजांनी मागे ठेवलेलं जे काही लोखंड होतं ते त्याच्या वखारीतून फिरून कुणाच्या तरी दारात जायचं. बुधवारी तो आपल्या ट्रकवर एक इंजिन घेऊन आला, साखळीच्या कप्पीने ते उतरवलं, आणि एलायजाच्या अंगणात दोन जाड लाकडी ओंडक्यांवर बसवलं. त्याची अट सोपी होती. बघा, हलवा, वाजवा, जाणता माणूस आणून दाखवा. शुक्रवारी मी परत येतो. पसंत नसलं तर आणलं तसं उचलून नेईन, अश्केलोनला दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. पण एकदा ते तुमच्या गाडीत बसलं की मग ते तुमचं, त्याचं सुख तुमचं आणि रडगाणंही तुमचं. जाताना एवढं सांगून गेला की हे बरेच महिने वखारीत पडून होतं, तेव्हा आत थोडं तेल घाला, मुरू द्या, एकदम जोर लावू नका. एलायजाने चारही प्लग काढून भोकांत मशीनचं तेल सोडलं, वरून गोणपाट टाकलं, आणि जाणत्या माणसाला निरोप धाडला.

तो दुसरा मोठा आवाज. हासाजीकाका चिंचोलकर, एलायजाच्या आईचे चुलतभाऊ. परळच्या रेल्वे कारखान्यात जन्मभर फिटर. तिथे त्यांनी किती इंजिनं बरी केली तो आकडा दर वेळी सांगताना वाढायचा. मी तो बऱ्याचदा ऐकलाय आणि एकदाही बेरीज जुळलेली नाही. पण खोटं का बोला, हात सोन्याचा होता. काकांची जमा सगळी हातात आणि खर्च सगळा तोंडात. शुक्रवारी सकाळच्या बसने ते बेरशेवाहून उतरले, एका हातात हत्यारांची पिशवी आणि दुसऱ्यात तपकिरीची डबी. जानेवारीची सकाळ, असा गारठा की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. काकांनी नाओमीचा चहा घेतला, चिमूटभर तपकीर ओढली, गोणपाट बाजूला केलं आणि इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घातली. मुलगी बघायला आलेले लोक असेच आधी काही न बोलता बघतात.

तेवढ्यात मुलीचा बापही आला. दोवने ट्रक कुंपणाला लावला, हात चोळत आत आला, आणि काकांकडे बघून ओळखलं की परीक्षक हाच. त्याने सलामच ठोकला. दोव लढाईच्या वर्षांत इंग्रजांच्या फौजेबरोबर इजिप्तमध्ये होता, इंग्रजी तिथलं. काकांचं रेल्वेतलं. दोघांचं इंग्रजी एकाच सरकारच्या गोदामातून निघालेलं, पण खाती वेगळी. त्यामुळे शिव्या एकमेकांच्या लगेच कळायच्या आणि बाकीच्यासाठी एलायजाचं हिब्रू लागायचं.

काकांनी सुरुवात केली. इंजिनाच्या पुढच्या चाकाला धरून मागेपुढे ओढून पाहिलं. खुळखुळ नाही. प्लग एकेक करून उजेडात धरले. कोरडे, तपकिरी. खाल्लेलं पचतंय, असं काका म्हणाले, आणि हे एलायजाने दोवला हिब्रूत सांगितल्यावर दोवने स्वतःच्या पोटावर हात फिरवला. मग हॅंडल लावून हळूहळू एक फेरा दिला. अडलं नाही, कुरकुरलं नाही. मग एलायजाला प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून धरायला सांगितलं आणि काकांनी हॅंडलला झटका दिला. आतल्या हवेने त्याचा अंगठा फटकन उडवला. दुसऱ्या भोकाला तसंच, तिसऱ्याला तसंच, चौथ्याला तर एलायजाने हातच झटकला.

"दम आहे," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून दोन शब्दांत काही निघणं हेच मोठं प्रशस्तिपत्र.

प्रत्येक अंगठ्याबरोबर एलायजाचा चेहरा उजळत गेला. आठवडाभर तो भिंतीच्या सावलीसारखा फिरत होता. आता त्याचे खांदे पुन्हा ताठ झाले. नाओमी खिडकीत तांदूळ निवडत होती, पण तांदळाकडे बघत नव्हती. दोवने सिगरेट पेटवली आणि मला, मी नुसता कुंपणापाशी उभा असताना, एक पुढे केली. माणूस सौदा पटल्यावर शेजाऱ्यालाही सिगरेट देतो, हे मी नोंदवून ठेवलं.

मग राहिलं ते माथ्यावरचं झाकण, ज्यातून इंजिनात तेल भरतात. काकांनी ते उपचार म्हणून उघडल्यासारखं उघडलं. उलटं करून पाहिलं. आणि पाहतच राहिले.

झाकणाच्या पोटाला पांढरं लागलं होतं. रवीला लोणी चिकटावं तसं, कडेला काळपट, मधे दुधाच्या चहावरच्या सायीसारखं. काकांनी भोकात बोट घातलं. बोट पांढरं होऊन बाहेर आलं. तेल मोजायची लोखंडी पट्टी उपसली. तिच्यावरही काळ्या तेलात पांढरे ओघळ.

मला इंजिनातलं फारसं कळत नाही, पण काकांनी नंतर जे सांगितलं ते कुणालाही कळण्यासारखं होतं. इंजिनात तेल आणि पाणी वेगवेगळ्या वाटांनी फिरतात. वाटेत कुठे तडा गेला की पाणी तेलात शिरतं, आणि दोन्ही घुसळून असं पांढरं लोणी होतं. असलं इंजिन सुरू होतं, काही दिवस धावतंही, आणि मग बसतं ते कायमचं. बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही. मुलगी गोरी, नाकेली, बोलायला चांगली, पण क्षय आहे म्हणतात तसं.

दोव उसळला. इंजिन ट्रकवर चढवताना मी स्वतः झाकण उघडून बघितलंय, आत स्वच्छ होतं, अशी शपथ घेऊ लागला. काकांनी विचारलं की मग बुधवारपासून या अंगणात एवढा पाऊस कधी पडला? आणि पडला तर फक्त झाकणाखालीच कसा? दोव म्हणाला, मी चोर आहे का. काका म्हणाले, ते मी कशाला सांगू, इंजिन सांगतंय. एवढं झाल्यावर दोघांचं इजिप्त आणि परळ बाहेर पडलं आणि भाषांतराची गरज राहिली नाही.

एलायजा मधे उभा होता. आधी दमाच्या बाजूने बोलणारा आवाज मोठा होता, आता पाण्याच्या बाजूचा. तो काकांच्या जवळ गेला.

"काका, थोडंच असलं तर? उन्हाळ्यापर्यंत तरी काढील ना?"

"काढील की," काका म्हणाले. "आणि थांबेल तेव्हा ते दोवचं नसेल. तुझं असेल."

दोवने रागारागाने ट्रकवरून साखळी खेचली. ती एलायजानेच त्याच्या हातातून घेतली आणि इंजिनाला अडकवायला वाकला. पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं तसं. खिडकीकडे न बघता नाओमीला म्हणाला की सोमवारी कामाच्या ऑफिसात जाऊन नाव घालून येतो. नाओमीने तांदळाचं ताट आत घेतलं आणि खिडकी लावली.

तेव्हा मागच्या दारातून मलका आत्या आली.

आत्या एलायजापेक्षा रुंदीला निम्मी आणि आवाजाला दुप्पट, पण त्या दिवशी सकाळपासून तिचा आवाज आला नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. डोक्याला रुमाल घट्ट बांधून ती सरळ इंजिनापाशी आली आणि कुठे आहे ते पांढरं, असं विचारलं. काका म्हणाले, मलकाबाई, हे बायकांचं काम नाही, हात काळे होतील.

"बायकांचं काम कुठलं ते मी बघते. तुम्ही जरा सरका."

काका सरकले. आत्याने झाकण हातात घेतलं, बोटाने पांढरं निपटलं, डोळ्यांजवळ नेलं. मग डोक्याचा रुमाल सोडला, आणि आम्ही सगळे बघत असताना ते पांढरं भांगात घातलं आणि दोन्ही तळव्यांनी केसांना चोळायला लागली.

दोवच्या तोंडातली सिगरेट खाली पडली. काकांनी माझ्याकडे बघितलं. म्हातारीला धक्का बसला असं दोघांच्याही मनात एकाच वेळी आलं असणार.

"आत्या," एलायजा हळूच म्हणाला, "काय करतेस गो?"

"वाया कशाला घालवू? पुन्हा मुंबईहून कोण आणून देणार आहे?"

मग तिने सांगितलं, आणि सांगताना नजर इंजिनावर ठेवली, माणसांवर नाही. बुधवारी तो हैफाचा माणूस म्हणाला ना, पडून राहिलंय, तेल घाला म्हणून. एलायजाने घातलं, पण कुठे, तर बाजूच्या भोकांत, आणि तेही काळं, जळकं. माथ्याला कुणी हात लावला नाही. घरात नवं मूल आलं तर आपण आधी काय करतो? टाळू भरतो. झिराडला एलायजाची टाळू मीच भरली, त्याच्या आईला ताप होता म्हणून. आता हे घरात येतंय, सगळ्यांचं पोट याच्यावर, आणि याची टाळू तशीच कोरडी? दुपारी सगळे आत पडले होते तेव्हा तिने माथ्यावरचं झाकण फिरवलं, मन भरेपर्यंत खोबरेल ओतलं, झाकणालाही आतून बोट लावलं, एलियाहू हन्नाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेतलं आणि झाकण लावून टाकलं.

"खोबरेल आहे ते. असल्या थंडीत गोठेल नाहीतर काय करील?"

यावर पहिला आवाज आला तो बंद खिडकीच्या आतून. खिडकी उघडली.

"म्हणजे बाटली संपली नव्हती," नाओमी म्हणाली.

"आता संपली," आत्या म्हणाली.

ही बाटली म्हणजे आमच्या वस्तीतलं एक प्रकरण होतं. आत्याने मुंबईहून पेटीत कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेलं खोबरेल. इथे मिळायचं ते रेशनचं सोयाबीनचं तेल. ते भाजीला घालायचं तरी नाक धरावं लागे, केसांना कुठलं लावणार. बायका चमचाभर मागायला यायच्या. हनुक्काच्या सणाच्या सुमाराला आत्याने जाहीर केलं की संपलं. कुणी बोललं नाही, पण त्यानंतरही तिचे केस आधीसारखेच चमकत होते, आणि ही तफावत एकट्या माझ्याच लक्षात आली होती असं नाही. तेव्हा ते कबूल करणं तिला किती जड गेलं असेल याचा अंदाज बांधा. सबंध आळीसमोर ती खोटी ठरली होती, आणि तेही स्वतःच्या तोंडाने.

मला वाटलं, आता सगळं मिटलं. पण काका एलायजाला बाजूला घेऊन काय म्हणाले ते मी ऐकलं. म्हणाले, पोरा, बाई मायेने बोलतेय. तुझं तोंड बघवलं नाही म्हणून आळ अंगावर घेतेय. बायका असं करतात. खोबरेल असेल, नसेल; आणि खोबऱ्याच्या खाली पाणीही असेल.

खरं सांगतो, मलाही ते पटलं. आत्याला मी ओळखत होतो. पुतण्यासाठी ती याहून मोठी थाप मारू शकली असती. एलायजालाही पटलं असावं, कारण त्याच्या हातातली साखळी अजून खाली पडली नव्हती. नुसत्या शब्दावर इंजिन गाडीत बसवायचं म्हणजे रविवार साधला तरी त्याच्या पुढचे सगळे दिवस त्या शब्दावर टांगलेले.

मग काकांनी नाओमीकडे स्टो आणि जुना चमचा मागितला. पाण्याची एक खोड आहे, म्हणाले. तेलात कितीही लपून बसलं तरी विस्तवावर धरलं की तडतडून बाहेर येतं. फोडणीत ओली मोहरी पडली की कशी उडते? तसं. खोबरेल असेल तर गप वितळेल.

स्टो ओट्यावरून अंगणात आला. काकांनी भोकातून चांगला चमचाभर पांढरा गोळा काढला आणि ज्योतीवर धरला. दोव, एलायजा, मी, आत्या, खिडकीतून नाओमी, सगळ्यांनी माना पुढे केल्या. स्टोचा फुरफुराट तेवढा ऐकू येत होता. गोळ्याच्या कडा मऊ झाल्या, मग तो बसला, मग चमच्यात पाणीच झालं. पण पाणी नव्हे: पिवळसर, आरपार दिसणारं, तळाशी मशीनच्या तेलाचा एक काळा धागा. काकांनी चमचा धरूनच ठेवला. तडतड नाही. एक बुडबुडा नाही.

आणि मग वास आला. तापलेल्या खोबऱ्याचा.

काकांचं नाक तपकिरीने कधीच कामातून गेलेलं. त्यांनी मला विचारलं, काय पेणकर, येतो का वास? मी हो म्हणालो. नीट बोलता आलं नाही, कारण कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. भिंतीपलीकडून माझी बायको सुझॅन ओरडून विचारत होती की झिराडकरांकडे खोबरं कुठून आलं.

काका चमचा खाली ठेवून म्हणाले की म्हणूनच मी नेहमी सांगतो, तपासल्याशिवाय माणसाने बोलू नये. हे त्यांनी दोवकडे बघून सांगितलं, जणू तोच इतका वेळ बोलत होता.

दोवला अजून काहीच कळलं नव्हतं. एवढंच दिसत होतं की आता त्याला चोर म्हणत नाहीत. एलायजाने त्याला समजवायचा प्रयत्न केला, पण टाळू भरण्याला हिब्रूत शब्द कुठला? शेवटी त्याने स्वतःच्या डोक्यावर मधोमध बोट ठेवलं, मग तान्ह्या मुलाएवढं अंतर हातांनी दाखवलं, मग आत्याकडे, मग इंजिनाकडे बोट केलं. दोवने टोपी काढली. त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता. त्याने त्या टकलावर हात फिरवला, इंजिनाकडे बघितलं, आणि असा हसला की कुंपणावरचं मांजर उडी मारून पळालं. मग ट्रकवर जाऊन तेलाचा एक नवाकोरा डबा घेऊन आला आणि काकांच्या पायाशी ठेवला.

पण काका काका होते. चमच्याने फक्त चमच्याची खात्री दिली, म्हणाले. आत्याच्या सगळ्या टाळूखाली काय आहे ते बघू. खालचा बोल्ट काढून सगळं तेल सोडलं. घासलेट ओतून आत दोनदा धुतलं. आत्या प्रत्येक वेळी बाहेर येणाऱ्या पांढऱ्या गुठळ्यांकडे अशी बघत होती की सांगून सोय नाही. दोवचं नवं तेल भरलं. पेट्रोलचा डबा नळी लावून निलगिरीच्या फांदीला टांगला, पाण्यासाठी बादली आणि रबरी नळी जोडली, इंजिन ओंडक्यांना दोरखंडाने आवळून बांधलं. आता चालवून बघायचं, आणि चालवून झालं की पुन्हा झाकण उघडून बघायचं. पाणी शिरत असेल तर गरम झाल्यावर लपणार नाही.

हॅंडल एलायजाने मारलं. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला एक खोकला. त्यानंतर काकांनी त्याला थांबवून नळीला चिमटा काढला, मग पुन्हा मारलं आणि इंजिन पेटलं. उभ्या अंगणात पांढरा धूर भरला. पुन्हा सगळ्यांचे चेहरे उतरले, पण धुराला वास होता, आणि तो असा की आळीतल्या दोन बायका पदराला हात पुसत बघायला आल्या की शुक्रवारी दुपारी वडे कोण तळतंय. कुठेतरी अंगाला चिकटून राहिलेलं खोबरेल जळत होतं. हळूहळू धूर निळा झाला, मग नाहीसा झाला, आणि राहिला तो नुसता आवाज. सारखा, जाड, एका लयीतला.

काकांनी नाओमीची लांब दांड्याची लाकडी पळी मागितली. तिचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. डॉक्टर पाठ तपासतो तसे जागा बदलत गेले. इतका वेळ ऐकत राहिले की एलायजाला विचारायचा धीर होईना. मी त्याच्याकडे बघत होतो. इंजिनाच्या आवाजात जरा कुठे फरक पडला की त्याची हनुवटी हलायची.

इंजिन बंद केलं. निवू दिलं. झाकण उघडलं. काकांनी ते स्वतः बघायच्या आधी एलायजासमोर धरलं. स्वच्छ. पुन्हा चालवलं, चांगलं तापू दिलं, पुन्हा बंद, पुन्हा झाकण. स्वच्छ. पट्टी उपसली, तिच्यावर मधासारखं तेल, एकसारखं, कुठे ओघळ नाही. काकांनी बोटावर थेंब घेतला, उन्हात धरला, आणि ते बोट एलायजाच्या बाहीला पुसलं.

"घे," काका म्हणाले. "बिनघोर गाडीत घाल."

एलायजा ओंडक्यावर बसला. बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. नाओमी बाहेर आली होती. ती त्याच्याजवळ गेली नाही, आत्याजवळ गेली, आणि तिचा सुटलेला रुमाल खालून उचलून तिच्या डोक्याला बांधून दिला. बांधताना काहीतरी पुटपुटली. आत्याने तिला कोपराने ढोसलं. बाटलीच्या हिशेबावर त्या घरात त्यानंतर बोलणं झालं असेलच, पण ते माझ्या भिंतीपर्यंत आलं नाही.

दोव त्या दिवशी हैफाला गेला नाही. इंजिन गाडीत उतरवायला त्याची कप्पी लागणार होती, आणि आता मेणबत्त्या लावून शब्बाथ सुरू करायची वेळ झाली होती; मग शनिवार मावळेपर्यंत कामही नाही आणि गाडीही नाही. आत्याने ट्रकच्या किल्ल्या मागितल्या आणि घेतल्या. मला शब्बाथ वगैरे काही नसतं, मी माझा माझा जाईन, असं तो सांगत होता. त्याला मासळीच्या कालवणापाशी बसवलं. काकांनी द्राक्षरसाच्या पेल्यावर किद्दुशची प्रार्थना म्हटली आणि जेवताना परळमधल्या इंजिनांचा आकडा सांगितला. तो पुन्हा वाढला होता. दोवने मान डोलावली आणि आपलाही सांगितला. तोही कमी नव्हता.

शब्बाथ सुटल्यावर आळीतल्या सहा-सात पुरुषांनी मिळून ते निळ्या गाडीत बसवलं. कुणी कंदील धरला, कुणी साखळी ओढली, कुणी नुसतीच अक्कल दिली. ती देण्यात मी होतो.

रविवारी एफ्राइमने बेकरीचं दार उघडलं तेव्हा गाडी आधीच समोर उभी होती, इंजिन चालू. त्याने खेचरवाल्याच्या ढिगातली परातही उचलून गाडीत ठेवली आणि आतल्या माणसाला सांगितलं की उद्यापासून त्याला येऊ नको म्हणावं. हे मला एलायजाने सांगितलं नाही, बेकरीतल्या भट्टीवाल्याने सांगितलं. एलायजाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसावं.

सगळी फेरी संपवून तो शेवटी आमच्या दुकानाशी आला. मी पाव मोजून घ्यायला बाहेर गेलो तर तो पायरीवर बसलेला, इंजिन अजून चालू ठेवलेलं, बंद करायचा जीव होत नसल्यासारखं. मांडीवर एक अख्खा पाव, आणि तो कोरडाच, हातांनी तोडून खात होता. मोठमोठे घास, दोन्ही गाल भरून, आठवडाभर न जेवलेल्या माणसासारखा. मला बघून उठायला लागला. मी हाताने बस म्हटलं.

परातीत एक पाव कमी होता. मी वहीत हिशेब पूर्ण लिहिला.